कोरड्या आभाळाखालचा लोंढा

ओल्या गोधडीचा वास आला, की मला बोरीजवळचं ते नदीचं पात्र आठवतं. घटस्थापना जवळ आली होती, लख्ख ऊन पडलं होतं आणि गावातल्या बायका पात्रात गोधड्या धूत होत्या. मी पुलावर पाण्याची पातळी मोजायला गेले होते. तेवढ्यात वर डोंगरात पाऊस मोजणाऱ्या सहकाऱ्याचा फोन आला, "इथं लय पाऊस पडायलाय, लोंढा तुमच्याकडं निघालाय." मी धावत खाली उतरले आणि सगळ्यांना वर चला म्हणून ओरडले. "आभाळ तर कोरडं हाय, बाई!" एकजण हसली. माझा अंदाज चुकला असता, तर पुन्हा कुणी ऐकलं नसतं; तरी हाताला धरधरून मी त्यांना काठावर काढलं. एक म्हातारी मात्र पात्रात राहिलेल्या गोधडीसाठी मागं वळली. "माज्या मायनं शिवलेली हाय ती!" तोवर गढूळ पाणी गुडघ्यापर्यंत चढलं होतं. मी तिला मागून मिठी घालून ओढलं. आम्ही दोघी काठावर कोसळलो आणि गोधडी डोळ्यांदेखत वाहून गेली. म्हातारी कितीतरी वेळ माझा हात सोडेना. आता मी परभणीत संगणकावर पुराचे अंदाज काढते. पडद्यावरची त्या नदीच्या पातळीची रेघ चढायला लागली, की आधी त्या गावात फोन लावते, मग साहेबांना कळवते.