सुतारकाकांचं ओलं लाकूड

यकृताचा कर्करोग बराच पसरला होता. सुतारकाकांच्या रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, “काका, रक्तात सुजेचे आकडे फार वाढलेत. इतके वाढले की बहुतेकांना सहा महिनेही मिळत नाहीत.”

“बहुतेकांना ना? मग मला उरलेल्यांत धरा.”

तिथून काका बायकोला घेऊन थेट वखारीत गेले आणि नातीच्या पलंगासाठी नुकतंच कापलेलं लाकूड निवडू लागले. नीट सुकल्याशिवाय लाकडाला त्यांनी जन्मात रंधा लावला नव्हता.

“अहो, हे सुकायला वर्ष जाईल. सुकलेलं घ्या की,” काकू कळवळून म्हणाल्या.

“ते घाईच्या गिऱ्हाइकाला. मला कसली घाई?”

काकूंनी डोळे पुसले आणि फळीचं दुसरं टोक उचललं.