कपाटावरचं गरगरं

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात मुख्य आचाऱ्याला सगळे दादा म्हणत. बावीस वर्षं त्यांनी ते स्वयंपाकघर एकहाती चालवलं होतं आणि नाकावर कधी माशी बसू दिली नव्हती. भाजीचा तुकडा बोटभर लांब म्हणजे बोटभरच. डॉक्टरांनी दुपारच्या जेवणात कच्ची हिरवी पानं सक्तीची केली, तेव्हा त्यातही दादांनी आपली शिस्त आणली. पान धुतलेलं हवं, पण कोरडं हवं. ओल्या पानावर तेल-लिंबू थांबत नाही, घरंगळतं, आणि ताटाच्या तळाशी नुसतं आंबट पाणी साचतं. चव्वेचाळीस म्हाताऱ्या माणसांना असलं ताट वाढायला दादांचा हात धजत नसे.

पानं कोरडी करण्याचं काम मावशींकडे होतं. मावशी दादांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या, बुटक्या, बोलायला मऊ. धुतलेली पानं त्या मोठ्या सुती फडक्यात घालायच्या, चारी टोकं मुठीत धरायच्या आणि मागच्या अंगणात जाऊन ते बोचकं हात ताठ करून गरागरा फिरवायच्या. पाण्याचे थेंब भिंतीवर उडायचे. एका बोचक्यात सहा माणसांपुरती पानं मावत. म्हणजे रोज आठ बोचकी, आणि एकेक बोचकं तीसदा तरी फिरवायचं. ही रीत दादांनीच शिकवलेली.

तिथे राहणाऱ्या एका आजींची मुलगी एकदा भेटायला आली. तिनं मागच्या दारातून मावशींना बोचकं फिरवताना पाहिलं आणि पुढच्या खेपेला एक मोठं खोकं घेऊन आली. आत बादलीएवढं प्लास्टिकचं भांडं, त्यात जाळीची टोपली, वर झाकण आणि झाकणाला दांडा. दांडा फिरवला की टोपली फिरते आणि पानांचं पाणी निथळून बाहेरच्या भांड्यात पडतं. सॅलड स्पिनर, असं तिनं नाव सांगितलं. भांडी घासणारा पैलवान त्याला गरगरं म्हणू लागला.

दादांनी दांडा एकदा फिरवून पाहिला आणि हसले. "हे पोरांचं खेळणं आहे. केवढी जागा खातंय बघा. आणि पानं चिरडली तर कोण जबाबदार?" त्यांनी आभार मानले आणि ती गेल्यावर गरगरं कपाटावर टाकून दिलं.

पुढच्या दोन वर्षांत मावशींनी ते मागितलं. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा, "दादा, ते वापरून बघू का?" दुसऱ्यांदा, "खांदा जरा धरलाय हो माझा." दोन्ही वेळा दादांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिसऱ्यांदा मावशींनी विचारलं तेव्हा सूप उतू गेलं होतं, जेवणाची घंटा व्हायला दहा मिनिटं होती आणि भाजी चिरणारी बाई नि पैलवान दोघंही तिथेच होते.

"मावशी," दादा म्हणाले, "तीन नंबरच्या खोलीतल्या आजोबांना अर्धांगवायू झालाय. तेसुद्धा तुमच्यापेक्षा जास्त हात हलवतात. काम नको असेल तर सरळ सांगा ना. खांद्याचं निमित्त कशाला?"

पैलवान फिसकन हसला. भाजी चिरणारी बाई हसली. मग मावशीही हसल्या, जरा उशिरा, आणि फडकं उचलून अंगणात गेल्या. दादांनाही आपण काय छान बोललो असं वाटलं. संध्याकाळी घरी त्यांनी तो विनोद बायकोला सांगितला. बायको हसली नाही. "बाई माणूस तीनदा सांगतेय म्हणजे दुखतच असेल," एवढं म्हणून ती कपडे वाळत घालायला उठली.

पाच आठवड्यांनी मावशींचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि महिनाभर घरी बसायला सांगितलं.

पानांचं काम दादांनी स्वतःकडे घेतलं. त्यात काय मोठंसं, असं ते मोठ्यानं म्हणाले. पहिल्या दिवशी पाचव्या बोचक्याला त्यांना धाप लागली. दुसऱ्या दिवशी मानेपासून कोपरापर्यंत ठणका लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी सदऱ्याची बाही चढवताना तोंडातून हाय निघाली आणि त्या क्षणी त्यांना आपलंच वाक्य आठवलं. अगदी शब्दन् शब्द, पैलवानाच्या हसण्यासकट.

चौथ्या दिवशी त्यांनी भाजी चिरणाऱ्या बाईला कोठारात पाठवलं, पैलवानाला बाहेर पिंपं घासायला लावलं, दार लोटलं आणि स्टुलावर चढून गरगरं उतरवलं. धूळ पुसली. पानं घातली, झाकण बसवलं, दांडा फिरवला. मिनिटभरात झालं. झाकण काढून पाहतात तर पानं कोरडी, टवटवीत, एकही चिरडलेलं नाही. खाली भांड्यात वाटीभर पाणी. दादा त्या पाण्याकडे बघत राहिले. दोन वर्षं हे भांडं त्यांच्या डोक्यावर, एका स्टुलाच्या अंतरावर पडून होतं.

ते दुसऱ्यांदा फिरवत होते तेव्हा दार उघडलं. डॉक्टरांची चिठ्ठी कार्यालयात देऊन मावशी सगळ्यांना भेटायला आत आल्या होत्या. उजवा हात पट्ट्यात, गळ्याशी बांधलेला. केस कसेतरी एका बाजूला आवळलेले.

दादांनी दांडा सोडला. टोपली आपली फिरतच होती. तिची घरघर हळूहळू थांबली. दादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशींनी चार शब्द सुनावले असते तर त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतले असते.

मावशी जवळ आल्या. भांड्यात वाकून पाहिलं. "चालतं का हो नीट?" त्यांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"चालतं," दादा म्हणाले.

"मी बघू?"

दादा बाजूला झाले. मावशींनी डाव्या हातानं दांडा धरला आणि दोन-चार वेढे दिले. "अगंबाई, काहीच जोर लागत नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पट्ट्यातल्या हाताकडे पाहिलं. त्या पाहण्यानं दादांच्या काळजाला घरं पडली. माफीचा शब्द ओठांवर आला होता, पण तेवढ्यात पैलवान आत आला आणि दादांनी काय केलं, तर "चहा घेणार का, मावशी?" असं विचारलं. मावशींनी चहा घेतला नाही.

महिन्याचे दोन महिने झाले. मावशी परतल्या त्या दिवशी दादांनी तिघांनाही ओट्यापाशी बोलावलं. जे चारचौघांत बोललं, ते चारचौघांतच मागे घ्यायचं, हे त्यांनी ठरवलं होतं. मनात वाक्यं घोळवून ठेवली होती. ऐनवेळी सगळी विसरली.

"त्या दिवशी मी मावशींना जे बोललो," ते म्हणाले, "ते वाईट होतं. खांदा दुखतच होता त्यांचा. मला माहीत होतं. म्हणजे, माहीत करून घ्यायचं नव्हतं. चुकलो मी."

पैलवान पायाच्या अंगठ्याकडे बघू लागला. भाजी चिरणाऱ्या बाईनं उगाच सुरी पुसली.

"जाऊ द्या हो, दादा," मावशी म्हणाल्या. "भात लागतोय बघा."

भात खरंच लागत होता. दादा धावले. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत आणि दादांनीही पुन्हा विचारलं नाही. त्यांनी कार्यालयात सांगून मावशींना बसून करायचं काम दिलं आणि पानांचं आपल्याकडेच ठेवलं. खांदा मात्र पहिल्यासारखा झाला नाही. मावशींचे केस आता त्यांची नात बांधून देते. वरच्या फळीवरचा डबा हवा असला की मावशी कुणाला हाक मारत नाहीत, नुसत्या फळीखाली उभ्या राहतात. दादा हातातलं काम टाकून जातात आणि डबा काढून देतात.

मध्यंतरी दादांच्या भाचीनं नवं घर मांडलं. "मामा, सॅलड स्पिनर घेऊ का? की नुसती अडगळ?" तिनं फोनवर विचारलं. मामांचा शब्द स्वयंपाकघरात शेवटचा, हे तिला लहानपणापासून ठाऊक.

दादांनी गॅस बारीक केला. मग म्हणाले, "दोघांसाठी फडकं पुरतं. ते जागा खातं, हे खरंय. पण पानं रोज झाडणार कोण?"

"आमचे हेच झाडतील की. का?"

"मग त्यालाच विचार," दादा म्हणाले. "मला नको विचारू."