दाजींची गोणी

मला काही हौस नाही सांगायची. पण तुम्ही चहा पाजलाय, वर खारीही आणलीय, म्हणजे वदवून घेतल्याशिवाय सोडणार नाही. ऐका. मधे हसायचं नाही.

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या आक्काचे मालक, गेले. मूलबाळ नाही. बँकेत त्यांची ठेव होती. तिच्यावर नॉमिनी कोण? मी! बँकेतून तसा फोनच आला.

आता चौथी शिकलेला माणूस मी. नॉमिनी म्हणजे मालक, दुसरं काय असणार? जुईनगरभर सांगत सुटलो. सोसायटीच्या गणपतीचा मांडव माझ्याकडून, असं बोलून बसलो. सेक्रेटरीनं लगेच फळ्यावर लिहिलं. वळून न बघणारी माणसं "काय शेठ!" करायला लागली. मीही मान हलवायचो. सावकाश.

मग तुर्भ्याला आक्काकडे गेलो. "आक्का, घाबरू नको. खर्चाला लागंल तेवढं मागत जा. मी हाय."

"मागत जाऊ?" आक्का बघतच राहिली. "बरं बाबा." आणि पदर डोळ्याला लावला.

मला वाटलं, उपकारानं भरून आलं तिला!

दुसऱ्या दिवशी दोघं बँकेत. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "काका, नॉमिनी म्हणजे मालक नाही. पैसे तुमच्या हातात येतील, पण हक्क वारसाचा. त्यांना मूल नाही, आई नाही, मृत्युपत्र नाही. म्हणजे सगळे मावशींचेच. तुम्ही फक्त पोचवायचे."

"मग माझं नाव कशाला घातलं?" मी भडकलो.

उत्तर आक्कानं दिलं. "ते म्हणायचे, तुझा भाऊ भांडकुदळ हाय. पण मार्केटात जलम गेला, कांद्याची एक गोणी इकडची तिकडं केली न्हाई."

आता बोला! वाशीच्या मार्केटात माझी सगळी हयात हमालीत गेली. पाठीवर आली म्हणून गोणी आपली, असं कधी वाटलं नाही. आणि दाजींची एक आली, तर मी लगेच व्यापारी!

गुमान सगळे पैसे आक्काच्या खात्यात टाकले. बाहेर आल्यावर ती म्हणते, "नामा, लागंल तेवढं मागत जा हां."

मागावे लागले हो! मांडव फळ्यावर होता ना.

तेव्हापासून मी भाजी घेऊन दारात आलो, की आतून विचारणा होते, "अहो, पिशवी कुणाची?" आणि वर हसणं. इतके दिवस झाले, माफीचं नाव नाही. कोण म्हणून काय विचारता? आमची शेवंता. बायको!