बहिणीने दिलेले केस

ती घटना आजही आठवते, आणि हमखास आठवते ती सलूनच्या खुर्चीत बसल्यावर. माझ्या डोक्यावर आता कापण्यासारखं फारसं उरलेलं नाही. नोकरीतही नव्हतं, पण तेव्हा वर्दीची टोपी अब्रू राखायची. त्याच टकलाने मला एका गुन्ह्याच्या तपासात हात दिला. म्हणून त्याच्यावर माझा राग नाही.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी जळगावात पोलीस निरीक्षक होतो. एका सकाळी हजेरी घेऊन ड्यूट्या लावत असताना सरकारी दवाखान्यातून एका डॉक्टरांचा फोन आला. तिशीची एक शेतकरी बाई टाके काढायला आली होती. डोक्याच्या मागे, दोन्ही कानांच्या मधोमध, बोटभर रुंदीची कातडीची पट्टीच काढलेली होती. बाई म्हणत होती दार लागलं. डॉक्टर म्हणाले, "साहेब, दार असं पट्टी धरल्यासारखं सरळ लागत नाही."

स्टेशन डायरीत नोंद करून मी दवाखान्यात गेलो. बाईला कमरेखाली जाईल एवढी वेणी होती. शेजारी नवरा उभा होता, रावेरकडचा केळीवाला, अंगाने दांडगा. अशा जखमेत पहिला संशय नवऱ्यावरच जातो, माझाही गेला. त्याला बाजूला घेऊन तासभर विचारलं. तो नुसता खाली बघत होता. "तिले मी बोट लावलं नाही," एवढंच पुन्हा पुन्हा. खोटं बोलणारा माणूस सहसा काहीतरी हकीकत रचतो. याच्याकडे रचलेलं काहीच नव्हतं, त्यामुळे मी गोंधळलो.

वाट दाखवली ती डॉक्टरांनी. जाता जाता म्हणाले, "एक गंमत बघा. बाईला ताप नाही, अंगाला हात लावून पाहिलं. पण मला सारखं विचारते, डोक्याच्या जखमेने ताप आला तर किती दिवसांत उतरतो?"

माणूस स्वतःचं दुखणं लपवतो, दुसऱ्याचं फार वेळ लपवता येत नाही. मी बाईसमोर स्टूल ओढून बसलो आणि विचारलं, "अक्का, ताप कोणाला आहे?"

ती रडायलाच लागली. "मन्हा भाऊले शे, साहेब. डोकामा पू व्हयेल शे. दवाखानामा येत नही. लगीन ठरेल शे ना त्यानं."

मग सगळं बाहेर आलं. भाऊ शिंदखेड्याकडचा, शाळेत कारकून. पंचविशीतच टक्कल पडलेलं. दोन ठिकाणांहून नकार आला होता. तिसऱ्या ठिकाणी तो टोपी घालून गेला आणि जमलं. पण हळदीला टोपी चालत नाही. त्या धास्तीने त्याची झोप उडाली. तेवढ्यात जळगाव स्टेशनजवळच्या लॉजवर केस लावून देणारा एक 'डॉक्टर' आल्याचं कळलं. त्याची एकच अट होती: सख्ख्या रक्ताचा, दाट केसांचा माणूस सोबत आणा. त्याच्या डोक्यातून मुळासकट केस काढून तुमच्या डोक्यात लावतो.

नवरा आता बोलता झाला. "साहेब, मुनवा ह्या मळ्यातला काढून त्या मळ्यात लावला तर लागतेच ना? तो म्हणे, केसाचंबी तसंच. मले पटलं." केळीच्या बुंध्याशी फुटणाऱ्या कोंबाला आमच्याकडे मुनवा म्हणतात. जन्मभर मुनवे लावलेल्या माणसाला याहून सोपा दाखला कोणता द्यायचा? गिऱ्हाईक ओळखून बोलायची कला त्या भामट्याकडे होती, हे कबूल केलं पाहिजे.

आम्ही जीप काढून तडक शिंदखेड्याकडे गेलो. भर उन्हाळ्यात भाऊ कानटोपी घालून आतल्या खोलीत पडला होता. अंग तापाने फणफणलेलं. त्याला धुळ्याच्या दवाखान्यात हलवलं. तिथल्या सर्जनने पट्टी बांधता बांधता मला जे सांगितलं ते मी आजपर्यंत कित्येकांना सांगत आलो आहे. दुसऱ्याचे केस, मग तो सख्खा भाऊ का असेना, अंग स्वीकारत नाही, बाहेर टाकतं. केस लावायचे तर आपल्याच डोक्याच्या मागच्या भागातले. म्हणजे नवं पीक येत नाही, आहे तेच इकडचं तिकडे होतं, आणि मागचा साठाही बेताचाच असतो. पुढे उरलेलं टक्कल वाढत राहिलं तर लावलेले केस मध्येच बेटासारखे दिसतात. हे काम शिकलेल्या सर्जनचं. त्याची पदवी, जागेची स्वच्छता आणि त्याने आधी केलेली डोकी डोळ्यांनी बघितल्याशिवाय खुर्चीत बसू नये.

शेवटी त्यांनी जे सांगितलं, त्याने मात्र मी चाट पडलो. नीट लावलेले केससुद्धा आधी गळतात आणि काही महिन्यांनी पुन्हा उगवतात. भामट्याने नेमकी हीच खरी गोष्ट ढालीसारखी वापरली होती. केस गळाले तरी गिऱ्हाईक खूश, कारण तसं सांगितलेलंच होतं. ते उगवत नाहीत हे कळेपर्यंत हा दुसऱ्या गावाला.

आता फिर्याद हवी होती. भावाने भिंतीकडे तोंड फिरवलं. "बठ्ठा गाव हासी, साहेब. लगीन मोडी जाई." सगळं गाव हसेल या भीतीने दवाखान्याच्या कागदावरही त्याने गळू झालं असंच लिहायला लावलं. लॉजवाल्याकडून आणखी दोघा गिऱ्हाइकांचा माग लागला. एकाने आपण जळगावला कधी गेलोच नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्याच्या घरी गेलो तर तो मागच्या दाराने पसार. चोरी झालेला माणूस ठाण्यात धावत येतो, पण लाज गेलेला येत नाही.

हे सगळं मी परत येऊन भावाला सांगत होतो, तेव्हा बहीण खोलीच्या दाराशी उभी राहून ऐकत होती. पुढे येऊन म्हणाली, "जखम मन्हाबी डोकाले शे ना? मग मीच फिर्याद देस."

मी इतकी वर्षं नोकरी केली, पण ही साधी वाट मला सुचली नव्हती. केस लावून घेणाऱ्याला लाज होती, देणारीला कसली लाज? तिच्या फिर्यादीवर फसवणूक आणि दुखापतीचा गुन्हा नोंदवला. लॉजच्या मॅनेजरने भामटा धुळ्याला गेल्याचं सांगितलं. धुळ्याच्या ठाण्याला कळवलं, दोन पंच घेतले. बोगस गिऱ्हाईक कोण, हा प्रश्नच नव्हता. मी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि सगळं ठाणं दुसरीकडे बघू लागलं. माझा धाकटा भाऊ म्हणून कुरळ्या, दाट केसांचा एक हवालदार निवडला. तो बिचारा घाबरला. म्हणाला, "साहेब, या केसांवर माझ्या बायकोचा हक्क आहे. वेळेवर उठा म्हणजे झालं."

धुळ्याच्या बसस्टँडजवळच्या लॉजवर पांढरा कोट घातलेला, गोड बोलणारा तो माणूस भेटला. कोपऱ्यात स्टोव्हवर पातेल्यात चिमटे उकळत होते. त्याने हवालदाराच्या डोक्यावरून कंगवा फिरवला आणि खूश झाला. मी विचारलं, "माझ्या अंगाला याचे केस चालतील?" "सख्खा भाऊ ना? मग झालं. गळतील, घाबरू नका. चार महिन्यांत उगवतील." त्याने पातं हातात घेतल्याबरोबर हवालदाराने माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच उठून ओळखपत्र काढलं. पंचांसमोर हत्यारं जप्त केली. चौकशीत कळलं, गडी कधीकाळी एका दवाखान्यात कंपाउंडर होता. पदवीचा पत्ताच नव्हता.

भावाचं लग्न आजाराच्या सबबीने पुढे गेलं होतं. मुलीचे वडील एकदा माझ्याकडे ठाण्यात आले. मुलावर काही केस आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. "त्याच्यावर नाही," मी म्हणालो, "बाकीचं त्यालाच विचारा." ते नमस्कार करून गेले.

खटला उभा राहिला त्या दिवशी कोर्टात तेही दिसले. मागच्या बाकावर भाऊ टोपी घालून बसला होता. साक्षीदारांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. बहीण पिंजऱ्यात उभी राहिली. आरोपीच्या वकिलाने तिला जखम दाखवायला सांगितली. सासरची माणसं समोर असताना तिने पदर खाली घेतला, अंबाडा सोडला आणि पाठ फिरवून उभी राहिली. मग वकील म्हणाले, "केस ज्याला दिले तो तर कुठे दिसत नाही. त्याने मागितले होते का?"

तिने मागे भावाकडे पाहिलं, मग त्याच्या होणाऱ्या सासऱ्याकडे. म्हणाली, "नही. त्यानी मांगात नही. मीच दिधात."

सगळा दोष तिने स्वतःच्या अंगावर घेतला होता. मागचा बाक करकरला. भाऊ उभा राहिला, टोपी काढून हातात घेतली. खड्ड्याखड्ड्यांचं ते डोकं सगळ्यांनी पाहिलं. "मी मांगात, साहेब," तो म्हणाला. "ती नही म्हणे. मी तिना पाय धरात."

न्यायाधीशांनी त्याला पुढे बोलावून त्याची साक्ष नोंदवून घेतली. पुढे आरोपीला शिक्षा झाली. पण मला लक्षात राहिलं ते त्या दिवशीचं कोर्टाचं आवार. मुलीचे वडील त्या दोघांना चहाच्या टपरीवर घेऊन गेले. पहिला कप बहिणीच्या हातात दिला आणि तिलाच हळदीचा दिवस विचारला, "अक्का, हळद कव्हय लावानी?"

माझा एक पुतण्या हल्ली केस लावून घ्यायचं म्हणतो. त्या सर्जनने सांगितलेलं सगळं मी त्याला सांगितलं. करायचं तर खुशाल कर, त्यात कमीपणा नाही. फक्त कुणापासून लपवून करू नकोस, कारण चोरून जाणारं गिऱ्हाईक भामट्याला आयतं सापडतं. या गुन्ह्याने मला शिकवलं ते एवढंच, आणि शिकवलं ते एका बाईने, जिचं धैर्य मला खात्यातसुद्धा फार थोड्यांत दिसलं.

त्या भावाच्या हळदीला मला बोलावणं होतं. भाऊ पाटावर उघड्या डोक्याने बसला होता. बहिणीने त्याच्या डोक्याला हळद लावली, एकेका खड्ड्यावरून बोट फिरवत. तिचं झाल्यावर त्याने वाटीत बोटं बुडवली, तिच्या पदराखालून हात मागे नेला आणि तिच्या त्या व्रणाला हळद लावली. मी टोपी डोक्यावर चढवून जेवायला न थांबता जीपकडे निघालो, कारण डोळे भरून आले होते आणि अंगावर वर्दी होती.