गाडीची मान

लग्न होऊन करडीला आली तेव्हा रंभाबाईला सायकलसुद्धा येत नव्हती. आता गावात कुणालाही विचारा, "गाडीवाली कुठं राहते?" तर लहान पोरही बोट दाखवेल. तलावाच्या पाळीकडं, ती पांढरी व्हॅन उभी आहे ना, तिथं.

व्हॅन तिच्या नवऱ्याची, बाबूलालची. घेतली तेव्हाच जुनी होती. ती अंगणात आली त्या दिवशी बाबूलालची माय हळद-कुंकवाचं ताट घेऊन गाडीभोवती फिरतच राहिली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तुपा-हळदीनं चोळणारी ती बाई. या पत्र्याच्या जनावराची पूजा कुठं करायची, तेच तिला कळेना.

"बाबूलाल, इची मान कोणती रे?"

बाबूलालनं डोकं खाजवलं आणि गिअरच्या दांड्यावर हात ठेवला. "हे पाय माय, हे मुरडलं का गाडी निंगते. हेच मान समज."

म्हातारीनं दांड्याच्या बुडाशी, जिथं तो रबराच्या टोपीतून वर येतो तिथं, हळद-कुंकू लावलं आणि अक्षतांची चिमूट वाहिली. तेव्हापासून ही गाडी चिमूट घेतल्याशिवाय अंगणातून हलली नाही. म्हातारी गेली, पण चिमूट काही चुकली नाही. ती रंभाबाईच्या हाती आली.

पुढं बाबूलालच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एक डोळा सुधारला, दुसऱ्यानं धोका दिला. मुलगा कुलदीप तुमसरला हार्डवेअरच्या दुकानात. गाडी चालवणार कोण? एका सकाळी रंभाबाईनं पदर खोचला, चौंडेश्वरी मायचं नाव घेतलं आणि म्हणाली, "तुमी सांगा, मी चालवतो."

तलावाच्या पाळीवर शिकवणी सुरू झाली. अर्धं गाव बघायला. दोनदा गाडी बेशरमाच्या झुडपात शिरली, एकदा धुणं धुणाऱ्या बायका बादल्या टाकून पळाल्या. बाबूलाल शेजारी बसून ओरडायचा, "क्लच! क्लच दाब वो!" ती त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडायची, "दाबूनच राहिली ना!" पण शिकली. भंडाऱ्याला जाऊन लायसन काढून आली. आली ती लाडूचा डबा घेऊनच, आणि घरोघरी स्वतः फिरून तिनं तो वाटला.

त्यानंतर तिचं आयुष्यच बदललं म्हणा. भजनी मंडळाच्या बायका आधी नवऱ्यांच्या, पोरांच्या मागं लागायच्या, आम्हाला अमक्या गावी सोडा म्हणून. आता शकुनबाई मृदंग घेऊन, बायजाबाई टाळांची पिशवी घेऊन थेट व्हॅनमध्ये. शकुनबाई तर म्हणायची, "देवानं रंभीले चाक देलं अन् आमाले पाय."

आणि याच दिवाळीनंतर गाडीनं मान आखडली.

पहिला गिअर लागायचा. तिसरा लागायचा. दुसरा लागेना, चौथा लागेना, आणि रिव्हर्स तर मुळीच नाही. दांडा पुढं जायचा, मागं यायचा नाही. गावातला मेकॅनिक मनिष गाडीखाली शिरला, बाहेर आला, हात पुसत म्हणाला, "काकू, गिअरबॉक्स गेला वाटते. पुरा खोलाव लागन. इतक्या जुन्या गाडीचं सामान भेटन का नाही, मी सांगू शकत नाही."

कुलदीपनं ते ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी तुमसरच्या भंगारवाल्याशी बोलून आला. "माय, आता बस कर. ऑटोनं जात जा."

रंभाबाई भाकरी थापत राहिली. पण त्या दिवशीच्या भाकरी इतक्या जाड झाल्या, की बाबूलालनं मुलाकडं बघून हळूच म्हटलं, "भोग आता."

दिवाळीनंतर गावोगावी मंडईच्या जत्रा भरायला लागल्या होत्या. रात्रीच्या जेवणाला तिनं तोंड उघडलं. "आठ दिवसांनी आंबागडची मंडई हाये. माह्या माहेरची. मंडळाचं भजन ठरलं हाये तिथं. त्या मंडईत मी माह्या गाडीनं जातो. आपल्या चाकानं गेली, त गाडी राहीन. नाही गेली, त तुह्या भंगारवाल्याले मीच किल्ली देतो."

"ओढून नाही, ढकलून नाही?" कुलदीपनं विचारलं.

"पुढं ढकलून नाही," रंभाबाई म्हणाली. पुढं हा शब्द तिनं जरा दाबूनच म्हटला.

माहेरची गोष्ट निराळीच होती. तिचा मोठा भाऊ भैय्याजी आंबागडच्या दंडारीतला, म्हणजे तिथल्या लोकनाट्यातला, जुना नाच्या. बहीण गाडी चालवते, हे त्यानं कधी खरं मानलंच नव्हतं. भाऊबीजेला फोनवर हसून हसून त्याला ठसका लागला होता. "रंभे, तू गाडी चालवत मंडईत आली ना, त मी या वयात लुगडं नेसून नाचतो!"

मंडईचा दिवस उजाडला. कुलदीप मोटारसायकलनं आधीच पुढं निघून गेला. निकाल बघायलाच जणू. इकडं अंगणात पाच बायका नवी लुगडी नेसून उभ्या. रंभाबाईनं दांड्याच्या बुडाशी अक्षता वाहिल्या. आजचा प्रवास मोठा, म्हणून चिमटीऐवजी मूठ.

"थांब, मीबी वाहतो," शकुनबाई पुढं आली.

"मंग मी काहून मांगं राहू?" बायजाबाई.

एकेक करत पाचही जणींनी वाहिल्या. बाबूलाल समोरच्या सीटवर बसून बघत होता. "अवो, गाडीत बसायले जागा ठेवा. पुरा भात शिजवता काय इथं?"

निघाली गाडी! पहिल्या गिअरमध्ये इंजिन बोंब मारेपर्यंत ताणायचं, मग श्वास रोखून एकदम तिसरा. मधे दुसरा नसल्यामुळं गाडी हुंदके द्यायची आणि मागच्या सीटवर टाळ आपोआप वाजायचे. बायका हसून हसून लोटपोट. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या कडपा वाळत पडल्या होत्या. माणसं वर मान करून बघत होती. वैनगंगेच्या पुलावर वारा लागला तसं रंभाबाईनं मनातल्या मनात हात जोडले. हात स्टिअरिंगवरच होते.

तुमसर आलं, गेलं. तिथल्या चौकात थांबून पुन्हा निघताना तिच्या कपाळावर घाम फुटला, पण गाडी निघाली. आंबागडच्या किल्ल्याचा डोंगर दिसायला लागला तशी ती लहान पोरीसारखी ओरडली, "तो पाहा! माह्या बापाचा डोंगर!"

"तुह्या बापानं बांधला काय?" बाबूलाल.

"तुमच्या बापानंबी नाही बांधला. गुमान बसा."

पुढच्याच वळणावर ओढ्यावरचा अरुंद, बिनकठड्याचा रपटा होता आणि रपट्याच्या तोंडाशी, समोरून धानाच्या पोत्यांनी भरलेला ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवाल्यानं हात हलवला. "मावशी, गाडी मांगं घ्या ना!"

"घेतो बापा, जरासा थांब," रंभाबाईनं खिडकीतून डोकं काढलं. "माहा रिव्हर्स पाच लुगड्यांचा हाये. खाली उतरायले येळ लागते त्याले."

पाच लुगडी खाली उतरली, समोरून गाडीला खांदे लावले आणि "जय चौंडेश्वरी" करत तिला मागं सारलं. ट्रॅक्टरवाला स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होता. जाता जाता म्हणाला, "मावशी, पिकअप चांगला हाये तुमच्या रिव्हर्सचा."

इथवर सगळी गंमत होती. रपटा ओलांडला, गाव समोर आलं. मंडईचे पाळणे दिसत होते, दंडारीची ढोलकी ऐकू येत होती, मिठाईच्या दुकानांवर माणसांची झुंबड. वेशीजवळ बैलबंडी आडवी आली म्हणून रंभाबाईनं गाडी थांबवली. बंडी गेली. तिनं पहिला गिअर टाकायला दांडा पुढं ढकलला.

दांडा हललाच नाही.

पुन्हा ढकलला. दोन्ही हातांनी ढकलला. बाबूलालनंही हात लावला. दांडा दगडात रोवल्यासारखा. आता पहिलाही नाही आणि तिसराही नाही.

मंडईतली माणसं जमली. कुणी म्हणालं, "मावशी, ढकलून देतो ना, कितीसं राहिलं?" पाच-सहा जण मागून हात लावायला सरसावले. गर्दीतून कुलदीपही पुढं आला. त्याचा चेहरा पडला होता. जिंकायला तो आला होता खरा, पण माय अशी चारचौघांत अडकलेली त्यालाही बघवेना.

"माय, ढकलू दे. मी काही म्हणणार नाही."

"हात लावाल त पाहा!" रंभाबाई गरजली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज पक्का. "पुढं ढकलायची नाही. बोलला शब्द बोलला. खाली मान घालून नाही जाणार मी माहेरी."

मागच्या सीटवरून बायजाबाईनं हळूच अक्षतांची पुडी पुढं केली. "रंभे, अजून एक चिमूट वाहून पाय. मायचं नाव घे."

रंभाबाईनं चिमूट घेतली. डोळे मिटले, नाव घेतलं, डोळे उघडले आणि दांड्याच्या बुडाशी चिमूट सोडली. तांदूळ रबरावर पडले, रबराच्या मागच्या फाटीत घरंगळले आणि दिसेनासे झाले.

ती तशीच बघत राहिली. चिमूट सोडलेला हात हवेतच.

"अवो," ती नवऱ्याला म्हणाली, "सकाळी आपण इतक्या जणींनी वाहिल्या. त्या कुठं गेल्या?"

"कुठं गेल्या म्हंजे? सांडल्या असन."

"सांडल्या त खाली दिसाव्या ना. आजवरच्या साऱ्या कुठं गेल्या? मी इथं कधी झाडूनबी नाही काढल्या."

आणि तिला दिवाळी आठवली. लक्ष्मीपूजनाला तिनं ओल्या कुंकवात, तुपात कालवलेल्या अक्षता वाहिल्या होत्या, चांगल्या मूठभर. दुसऱ्याच दिवसापासून दांडा मागं येईना झाला होता.

तिनं अंबाड्यातला आकडा ओढून काढला. केस मोकळे सुटले, सुटू दे. रबराची टोपी वर सरकवली. शकुनबाईनं मोबाईलचा उजेड धरला. आत, दांड्याच्या मागच्या अंगाला चिकटून एक गोळा बसला होता. हळद, कुंकू, तूप, धूळ आणि तांदूळ. किती वर्षांचे कोण जाणे. सिमेंटसारखा टणक. आणि दांड्याच्या समोरच्या बाजूला, जिथं आजवर मोकळं होतं, तिथं सकाळचे ताजे तांदूळ, गाडीच्या हुंदक्यांनी सरकत येऊन गच्च ठासलेले.

"अगं बाई!" शकुनबाई तोंडावर हात ठेवून म्हणाली. "आपणच मान धरली इची!"

बाबूलाल चांगल्या डोळ्यानं वाकून बघत होता. "मनिष त खालून पाहत होता. वरून कोण पाहते? अन् म्हणे, सामान भेटन का नाही. सामान त आमच्या कोठीतच होतं."

रंभाबाईनं आकड्यानं उकरलं. बायजाबाईनं पानाच्या डब्यातला अडकित्ता दिला, त्यानं टोचलं. समोरचे तांदूळ लगेच निघाले. मागचा गोळा काही केल्या हलेना. मग एकदाचा कडकन आवाज झाला आणि तो अख्खाच्या अख्खा निसटला. तिनं तो पदराच्या टोकात घेतला. देवाला वाहिलेलं. रस्त्यावर कसं टाकणार?

क्लच दाबला. दांडा पुढं. पहिला, खट्ट. मागं ओढला. दुसरा!

"लागला!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली, की समोरच्या दुकानातला जिलेबीवाला झारा हातात धरून उभा राहिला. "लागला वो, दुसरा लागला!"

आणि गाडी निघाली. पहिला, दुसरा, लोण्यासारखी. मागं पाच जणींनी टाळ-मृदंग काढले, बाबूलाल खिडकीबाहेर हात काढून "सरका, सरका" करत होता. केस सुटलेली रंभाबाई माहेरच्या मंडईत गाडी चालवत शिरली. लहानपणच्या मैत्रिणी दुकानातल्या बांगड्या सोडून धावत आल्या.

भैय्याजी दंडारीच्या मांडवाजवळ उभा होता. पांढऱ्या मिश्या, डोक्याला पटका. गाडी त्याच्यासमोर येऊन थांबली. रंभाबाईनं दांडा मागं ओढला आणि मागं बघत, एका हातानं, गाडी सरळ रेषेत उलटी घेत मांडवाशेजारच्या मोकळ्या जागेत लावली. रिव्हर्स! एकही लुगडं खाली न उतरता.

मग खाली उतरली आणि पिशवीतून हिरवं लुगडं काढून भावाच्या खांद्यावर टाकलं. भाऊबीजेच्या त्या फोननंतर घेऊनच ठेवलं होतं तिनं.

"नेस दादा."

भैय्याजीनं लुगड्याकडं पाहिलं, बहिणीकडं पाहिलं. "तू येनारच होती, हे तुले मालूम होतं?"

"नाही. पण तू नाचनार, हे मालूम होतं."

नाचला. ढोलकीवाल्यानं अशी थाप दिली, की म्हाताऱ्याचे गुडघे दुखायचं विसरले. लोक शिट्ट्या मारत होते आणि बाबूलाल हसता हसता चांगला डोळाही पुसत होता.

या सगळ्या गोंधळात कुलदीप व्हॅनमध्ये जाऊन बसला. पहिला टाकला, दुसरा टाकला, रिव्हर्स टाकला. पुन्हा पहिल्यापासून. मग बाहेर येऊन आईसमोर उभा राहिला, मोबाईल हातात.

"भंगारवाल्याले काय सांगू, माय?"

"सांग, गाडी भजनाले गेली हाये."

दुपारी भजन झालं. परत निघायच्या आधी रंभाबाई आंबागडच्या तलावावर गेली. पदरातला तो गोळा दोन्ही हातांनी पाण्यात सोडला. सासूची आठवण आली. पाणी जरा पिवळं, जरा लाल झालं, मग साधं झालं.

गाडीशी आली तर बायजाबाई पुडी घेऊन उभीच होती. निघताना वाहायला पाहिजेत ना. रंभाबाईचा हात सवयीनं दांड्याकडं गेला आणि थांबला.

"आता कुठं वाहता?" बाबूलालनं विचारलं.

ती खाली उतरली. गाडीच्या समोर गेली. पांढऱ्या पत्र्यावर, दोन दिव्यांच्या मधोमध, अंगठ्यानं कुंकू लावलं आणि त्यावर अक्षता टेकवल्या. दोन-चार चिकटल्या, बाकीच्या मातीत पडल्या. लगेच एक चिमणी उतरली.

"मान मोकळी राहू द्या," ती म्हणाली. "आजपासून कपाळाले."

मग येऊन बसली, क्लच दाबला आणि करडीचा रस्ता धरला. तुमसर यायच्या आधीच चौथा गिअर पडला होता.