डावी खवट, उजवी ताजी

सुजाच्या नवऱ्याचा, दिनेशभाऊंचा फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या बसस्थानकासमोर चहा पीत चौघांना वाघाची गोष्ट सांगत होतो. वाघ एव्हाना माझ्या स्कूटरवर मागं बसला होता. "गजूभाऊ, सुजा सुटली…" एवढंच ते म्हणाले. मी वाघाला तिथंच उतरवून दिलं. खरं सांगायचं तर तेव्हा रडू आलंच नाही. छातीवरून कापसाची अख्खी गाठ कुणी उचलून नेल्यासारखं वाटलं. असं काहून, ते सांगायलाच हे लिहितो आहे.

सुजाता खोब्रागडे ही पांढरकवड्याच्या शाळेतली माझी मैत्रीण. माझी प्रत्येक थाप ती मागच्या बाकावरून पकडायची. पुढं ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागली, मी विमा विकू लागलो. म्हणजे दोघंही लोकांना न दिसणाऱ्या गोष्टी पटवू लागलो. तिची न दिसणारी गोष्ट म्हणजे नॅनोफायबर. आमच्याकडं जवसाची चटणी नसेल तर जेवण झालं हे पोट कबूल करत नाही. पण जवस कुटला की त्याच्या तेलाला हवा लागते आणि चटणी खवट होते. आवळ्यातलं अँटिऑक्सिडंट ते रोखतं. पण तेही हवेनं, उजेडानं लवकर मरतं, आणि भसाभस घातलं तर चटणी तुरट. म्हणून सुजानं ते मक्याच्या प्रथिनाच्या धाग्यात कोंडलं, हळूहळू झिरपावं असं. सुईतून द्रावण, त्याला विजेचा जबर दाब, आणि समोर फिरणाऱ्या ड्रमवर जमणारा पांढरा पापुद्रा. धागा किती बारीक? डोक्यावरचा एक केस घ्या आणि त्याचे शेकडो उभे चिरे करा. हे मी फुगवलेलं नाही. आयुष्यात ही एकच गोष्ट मला आधीच फुगवलेली मिळाली.

पहिले पापुद्रे तिनं झरी जामणीकडच्या एका गावात बचत गटाला दिले, चटणीच्या थरांमध्ये घालायला. आता कापसाच्या जिल्ह्यात पांढरं, मऊ काही दिसलं तर त्याला दुसरं नाव कोण देईल? बायकांनी तो पिंजलेला कापूस समजून बाजूला काढला आणि एका आजीनं त्याच्या वाती वळल्या. सुजासोबत मीही गेलो होतो. आजीनं आम्हाला दारातच गाठलं, "मॅडम, तुमचा कापूस लय बोगस. जयत नाही धड, अन् भुट्टा भाजल्यावानी वास मारते!" सुजा हसता हसता ओट्यावरच बसली. चटणी मात्र सगळी खवट निघाली. परतताना म्हणाली, "आता पुडीलेच आतून चिकटवतो. काढूनच दाखवा म्हना."

अस्तराच्या पुड्या तयार झाल्या आणि सुजा आजारी पडली. औषधांनी केस नेले, चव नेली, शेवटी वासही नेला. खवटपणा ओळखणारं अख्ख्या विदर्भातलं पहिल्या नंबरचं नाक बंद पडलं. प्रयोगशाळेचे आकडे चांगले होते, पण तिचं समाधान होईना. "आकडे कोनी भाकरीसंगं खात नाही, गजू."

एका दुपारी तिनं मला दवाखान्यात बोलावलं. उन्हाळाभर कपाटात ठेवलेल्या दोन पुड्यांतली चटणी दिनेशभाऊंनी दोन वाट्यांत ओतली, अस्तराच्या पुडीतली कोणती ते तिच्या कानात सांगितलं आणि ते बाहेर गेले.

"मीच काहून?" मी विचारलं.

"बाकीचे माह्या तोंडाकडं पाहून चांगलंच म्हनतीन. तू बी म्हनशीन. म्हनून तुले सांगतच नाही कोन्ती कोन्ती हाय. दोन शब्दांत सांग. तिसरा बोलला तं थाप समजीन."

मी डावी हुंगली. उजवी हुंगली. पुन्हा डावी. जिभेवर हत्ती, घोडे, सगळे सजून उभे होते. सगळ्यांना परत पाठवलं.

"डावी खवट."

तिचा चेहरा हलला नाही. "अन् उजवी?"

"उजवी ताजी."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, गेलं सगळं… माझ्या नाकानं हिची इतक्या वर्षांची मेहनत बुडवली. मग तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि खांदे हलू लागले. हसत होती!

"उजवीच हाय बे अस्तराची. आता बोल, किती बोलाचं ते."

मग मी जो सुटलो! उजवीच्या वासानं खालच्या मजल्यावरचे रोगी कसे उठून भाकऱ्या मागायला लागले, डॉक्टर ताट घेऊन कसे रांगेत उभे राहिले… ती झोपेपर्यंत बोलत होतो. त्यानंतर काही दिवसांतच ती गेली. पण चटणी टिकते हे कळून गेली.

तिच्या पुण्यानुमोदनाची बुद्धवंदना होऊन गेल्यावर परवा सहज तिच्या घरी गेलो. दिनेशभाऊ स्वयंपाकघरात जेवायला बसत होते. त्यांनी फळीवरची फोडलेली अस्तराची पुडी काढली, ताटात चटणी घेतली, वर तेलाची धार सोडली. मी बघत होतो. त्यांनी वास घेतला नाही, पुडीत डोकावलंही नाही. भाकरी मोडली, चटणीला लावली, आणि नळाला पाणी कधी येणार यावर बोलत जेवत राहिले.