सुई उचलेपर्यंत

तेफोने बायकोचा दात पाडला तो एका झाकणापायी. मान्त्वाच्या हातून पातेल्याचं झाकण फरशीवर पडलं आणि त्याची खणखण थांबायच्या आत तेफोची मूठ तिच्या तोंडावर बसली. मूठ आधी गेली, राग मागून आला, असं तो पुढे सांगायचा. दात पडलेल्या बाईला या फरकाचं काय कौतुक?

खाणीतून परतल्यापासून त्याचं हे असंच चाललं होतं. जमिनीच्या पोटात खडकाला भोकं पाडताना जोडीदाराचा ड्रिल एका जुन्या, न फुटलेल्या सुरुंगात घुसला. जोडीदाराचं जे उरलं ते पोत्यात भरून वर आणावं लागलं. तेफो धडधाकट वर आला, पण कानांचं वाटोळं झालं. ठार बहिरा झाला असता तर सगळेच सुटले असते. झालं नेमकं उलटं. चमचा वाजला, दार आपटलं, की डोक्यात तोच सुरुंग पुन्हा फुटायचा आणि हात सुटायचा. हॉर्न वाजवणाऱ्या एका टॅक्सीवाल्याला त्याने खिडकीतून ओढून बडवलं. दारूच्या अड्ड्यावर शीळ घालणाऱ्या एकाच्या बरगड्या मोडल्या. त्यात हे कात्लेहोंग, काळ्या मजुरांची वस्ती, आणि साल १९९२. राजकीय टोळ्यांच्या भांडणात गल्लीत रोज गोळ्या चालत होत्या, रोज कुणाचं तरी घर पेटत होतं. शाबूत कानांच्या माणसांनाही तिथे झोप नव्हती.

दात पडला तेव्हा मान्त्वा रडली नाही. तिने रक्त थुंकलं आणि नवऱ्याला मानाने हाक मारायच्या नेहमीच्याच शब्दाने म्हणाली, "न्ताते, अजून एकदा हात उठला की मी आईकडे निघाले. मग तुम्ही आणि तुमचे कान."

तेफोला सावरलं ते ब्रा लेसिबाने, म्हणजे लेसिबादादाने. लेसिबा पलीकडच्या गल्लीतला म्हातारा शिंपी. भारी नटवा. दोनरंगी बूट, तिरकी हॅट, घरात खुर्च्या चार आणि जॅझच्या तबकड्या भिंतभर. दर रविवारी दुपारी त्याच्या अंगणात ऐकणाऱ्यांची मंडळी जमायची, आणि तिथले नियम देवळात नसतील इतके कडक. तबकडी फिरत असताना बोलायचं नाही, ग्लास वाजवायचा नाही. नाचायची हुक्की आलीच तर मधे जाऊन एकट्याने, पाय न वाजवता नाचायचं. उशिरा येणाऱ्याने फाटकाशीच थांबायचं. तबकडीची बाजू संपून लेसिबाने सुई उचलली की मगच आत. तोवर त्याच्याकडे कुणी बघायचंसुद्धा नाही.

तेफो तिथे पहिल्यांदा गेला तो तबकड्या वाजवायचं यंत्र फोडायला, हातात लोखंडी सळई घेऊन. लेसिबाने ओठांवर बोट ठेवलं आणि शांतपणे फाटकाकडे बोट दाखवलं. का कोण जाणे, तेफो थांबला. पियानो, जाड तारांचा तो उभा बास आणि ढोलावर हलके फिरणारे ब्रश, एवढंच काय ते वाजत होतं. गाणारा असता तर त्याच्या शब्दांनी तेफोला ओढलं असतं. इथे कुणीच कुणाला हाक मारत नव्हतं. पुढचा सूर कुठून येणार हे कानाला आधीच उमगायचं, अचानक काही फुटायचं नाही. बाजू संपली तेव्हा सळई गवतात पडली होती आणि ती कधी पडली हे त्याला कळलं नव्हतं.

"तुझ्या कानांवर कातडीच उरलेली नाही, गड्या," लेसिबा म्हणाला. "त्यांना असलंच मऊ घालावं लागणार. धडामधुडूम मागितलंस तर मिळणार नाही, रडलास तरी."

तेव्हापासून एक रविवार चुकला नाही. महिने गेले, तेफोचा हात कुणावर उठला नाही. मी बरा झालो, असं तो भेटेल त्याला सांगत सुटला. मान्त्वा मान डोलवायची आणि भांडी फडक्यात गुंडाळून ठेवायची. बायको आपले कान किती जपते, म्हणून त्याचा ऊर भरून यायचा. पुरुषांना अशी कौतुकं पटकन सुचतात.

मग एका रविवारी बाजू रंगात आली असताना तेफोने सहज डोळे उघडले. फाटकाशी मान्त्वा उभी होती. डोक्याचा रुमाल सुटलेला, एक हात तोंडावर. अखेर तीही ऐकायला आली म्हणून त्याला आनंद झाला. तिच्याकडे बघून तो हसला आणि त्याने डोळे पुन्हा मिटले.

लेसिबाने सुई उचलली तशी ती बोलली. "टोळी आलीय. पाण्याच्या टाकीकडून. कुऱ्हाडी आहेत."

मंडळी उठतायत तोच मागचं कुंपण आडवं झालं. लेसिबा तबकड्यांच्या भिंतीपुढे हात पसरून उभा राहिला. पहिला घाव त्या हातावर बसला, दुसरा मानेवर. हॅट घालून नाचणारा माणूस स्वतःच्या उंबऱ्यावर खाटकाकडच्या बोकडासारखा कापला गेला. गोळ्या सुटल्या, किंकाळ्या उठल्या, आणि तेफोच्या डोक्यात सगळे सुरुंग एकदम फुटले. खुर्चीच्या पायाने त्याने एकाचा जबडा फोडला, दुसऱ्याचा कान दातांनी तोडला. मान्त्वाच्या खांद्यावर कुऱ्हाड उतरली तेव्हा तिला ओढत तो कोळशाच्या खोपटात शिरला आणि दार पाठीने दाबून बसला. बाहेर तबकड्या फुटत होत्या.

सगळं थंडावल्यावर त्याने तिचा खांदा शर्टाने घट्ट बांधला.

"कधी आली होतीस फाटकाशी?"

"तुम्ही हसायच्या बऱ्याच आधी."

तेफो भडकला. म्हातारा जिवंत राहिला असता. माणसं मरत असताना कसला नियम पाळत बसलीस, ओरडली का नाहीस, म्हणून तो तिच्यावर ओरडत सुटला.

"नियमाचं काय घेऊन बसलात, न्ताते," मान्त्वा म्हणाली. "तुम्ही डोळे मिटून बसला होतात. ओरडले असते तर तुम्ही मारलं असतं. बाजू संपतच आली असेल, तेवढं थांबू म्हटलं. ते अजून लांब होते. तुम्ही जवळ होतात."

शनिवारी लेसिबाला पुरलं. रविवारी मान्त्वाने एका हाताने पेटी भरली. तेफोचा हात तिच्यावर पुन्हा उठला नव्हता, तरी ती आईकडे निघाली, आणि का म्हणून त्याने विचारलं नाही.